ताणा, बाणा आणि विणकराचा हात: बंगळूरच्या हातविणीची ओळख

जुन्या सतरंजीच्या कडेचा एखादा धागा ओढून पाहिला, तर तो किंचित सरकतो आणि मग अडतो. त्याला कोणी चिकटविलेले नसते, शिवलेले नसते, गाठही मारलेली नसते. शेजारच्या धाग्यांना वळसे घालीत तो गेलेला असतो आणि प्रत्येक वळशाच्या ठिकाणी होणारे घर्षण त्याला जागच्या जागी धरून ठेवते. एका वळशाचे घर्षण अगदी क्षुल्लक होय. परंतु असे हजारो वळसे एकत्र आले म्हणजे माणसांचा भार, पावलांची ये-जा आणि वर्षानुवर्षांची झाडझूड सोसणारी वस्तू तयार होते. विणकामाचे सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे.

हे शास्त्र आपल्या देशात शतकानुशतके विणकरांच्या घरांतून, वडिलांकडून मुलाकडे आणि सासूकडून सुनेकडे चालत आले. अलीकडे मात्र निराळ्याच क्षेत्रांतील माणसे ते शिकण्यासाठी मागाजवळ बसू लागली आहेत. त्यांत शिक्षक आहेत, गृहिणी आहेत, निवृत्त अधिकारी आहेत आणि दिवसभर संगणकासमोर बसणारे अभियंतेही आहेत. उपजीविकेसाठी नव्हे, तर स्वतःच्या हाताने काही घडविण्याच्या ओढीने ही मंडळी विणतात. बंगळूर शहरात ही गोष्ट विशेष नजरेत भरते. कारण ज्या नगरात हातमागाचा पिढीजात धंदा क्षीण होत गेला, त्याच नगरात हा नवा छंद मूळ धरीत आहे. या दोहोंचा संबंध काय, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम मागाकडे वळले पाहिजे.

मागाचे काम

माग कितीही गुंतागुंतीचा दिसो, त्याची मूळ कामे तीनच असतात. उभे धागे ताणून धरणे हे पहिले. या धाग्यांना ताणा म्हणतात. ताण्यातील काही धागे वर उचलून व काही खाली दाबून मधे फट पाडणे हे दुसरे. त्या फटीतून गेलेला आडवा धागा, म्हणजे बाणा, फणीने ठोकून आधीच्या बाण्याशी भिडविणे हे तिसरे. इतके झाले की वरचे धागे खाली येतात, खालचे वर जातात आणि बाण्याचा धोटा परत फिरतो. धोट्याची ही एक खेप. कापड म्हणजे अशा हजारो खेपांची बेरीज होय.

शाळेत सहज करता येण्याजोगा एक प्रयोग येथे उपयोगी पडेल. जाडसर सुती रुमाल घ्यावा आणि तो प्रथम उभ्या, मग आडव्या दिशेने ओढावा. तो फारसा वाढत नाही, कारण ओढ सरळ धाग्यांवरच पडते. आता तोच रुमाल एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे तिरका ओढावा. तो सहज लांबतो व मधे अरुंद होतो. धागे लांबलेले नसतात. ते एकमेकांना जेथे छेदतात, तेथील काटकोन फक्त तिरपे झालेले असतात. कापडाच्या अंगी ताठपणा व लवचिकपणा एकाच वेळी कसा नांदतो, याचे उत्तर या साध्या प्रयोगात आहे.

रुमालात ताणा व बाणा सारखेच वाकलेले असतात. सतरंजीत तसे नसते. तिचा ताणा विरळ, पीळदार आणि कडक ताणलेला असतो. बाणा जाड, मऊ आणि सैलसर असतो. प्रत्येक खेपेनंतर बाणा इतका घट्ट ठोकतात की ताणा त्याच्या आत पूर्णपणे दडून जातो. त्यामुळे दिसतो तो केवळ बाण्याचा रंग, आणि तोही दोन्ही अंगांनी सारखा. गालिच्याची गोष्ट वेगळी. त्यात ताण्याच्या धाग्यांवर लोकरीच्या वा रेशमाच्या तुकड्यांच्या गाठी मारतात आणि त्यांची टोके वर उभी ठेवून कातरतात. त्याला उलट-सुलट बाजू असते. सतरंजीला ती नसते.

बंगळूरचे जुने माग

हा फरक बंगळूरच्या इतिहासात फार महत्त्वाचा आहे. मराठी वाचक बंगळूरला शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे म्हणून ओळखतो. विजापूरच्या फौजांनी १६३८ साली ते घेतले, त्यानंतरचा तो काळ. परंतु त्याच्याही आधी, केंपेगौडाने सोळाव्या शतकात वसविलेल्या पेठेत मालाच्या नावावरून बाजार ओळखले जात. अरळेपेटे म्हणजे कापसाची पेठ. तिलाच पुढे कॉटनपेट म्हणू लागले. टिपूच्या पाडावानंतर, १८०० साली फ्रान्सिस बुकॅनन हा सर्वेक्षक म्हैसूर प्रांतात फिरला. बंगळूरच्या विणकरांची त्याने बारकाईने नोंद केली. खत्री व पटवेगार रेशीम विणीत. देवांग, तोगट आणि इतर जाती सुती कापड विणीत. पटवेगारांच्या घरगुती बोलीत गुजराती व मराठी शब्द ओळखू येतात. देवांग हे नाव तर महाराष्ट्रातील देवांग कोष्टी समाजामुळे आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. विणकर जाती माग घेऊन देशभर फिरल्या आणि जेथे राजाश्रय व गिऱ्हाईक मिळाले तेथे राहिल्या, याची ही खूण होय.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बी. एल. राइस यांनी म्हैसूर संस्थानचे गॅझेटियर लिहिले. बंगळूरच्या बिछायतींविषयी त्यांत दोन गोष्टी आवर्जून सांगितल्या आहेत: त्या टिकाऊ असतात आणि त्यांचे नक्षीकाम दोन्ही बाजूंना एकसारखे असते. वर सांगितलेली सतरंजीची वीण ज्याला समजली, त्याला या दुसऱ्या वाक्यातील मर्म चटकन कळेल. राइस यांना नवलाचा वाटलेला गुण हा कारागिरांचा एखादा गुप्त हुन्नर नसून, बाण्याने ताणा झाकण्याच्या रीतीतून तो आपोआप निर्माण होतो. त्याच रीतीतून नक्षीचा साचाही ठरतो. दोन रंगांचे बाणे उभ्या रेषेत शेजारी शेजारी येऊन परत फिरले, तर त्यांच्यामध्ये चीर पडते. चीर लांब झाली की सतरंजी तेथे फाटू लागते. ती टाळण्यासाठी दोन्ही रंग एकाच सामाईक ताण्याभोवती वळवावे लागतात, किंवा रंगाची सीमा दर दोन-चार खेपांनी एक धागा पुढे सरकवावी लागते. दुसऱ्या उपायाने रेषा तिरपी व पायऱ्यापायऱ्यांची होते. सतरंजीवर गोल फुले क्वचित आणि त्रिकोण, शंकरपाळे, पायऱ्यांचे मनोरे पुष्कळ दिसतात, ते यामुळेच. धारवाड जिल्ह्यातील नवलगुंद येथे स्त्रिया विणतात त्या जमखान्यांतही हीच कोनात्मक नक्षी आढळते. त्यांना २०११ साली भौगोलिक ओळखीचे संरक्षण मिळाले.

राइस यांनी गाठींच्या गालिच्यांचाही उल्लेख केला आहे, आणि त्यांची वाखाणणीही केली आहे. पण ते विणले जात बंगळूरच्या मध्यवर्ती तुरुंगात, इराणी व तुर्की नमुन्यांवरून. त्या काळी हिंदुस्थानातील अनेक तुरुंगांतून गालिचे निघत. जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० साली हिंदी कलांवरील आपल्या ग्रंथात या प्रथेवर कडक टीका केली. बंदिवानाला मजुरी द्यावी लागत नाही, तेव्हा त्याच्या मालाशी स्वतंत्र विणकराने स्पर्धा करावी तरी कशी, हा त्यांचा प्रश्न होता. तो रास्तच होता. माल सुबक असणे ही एक गोष्ट आणि तो विणणाऱ्याचे पोट भरणे ही दुसरी. पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. बंगळूरच्या त्या तुरुंगाच्या जागी २००८ पासून 'फ्रीडम पार्क' नावाचे उद्यान आहे. तेथे फिरावयास येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना या जागेचा गालिच्यांशी असलेला संबंध ठाऊक असेल.

त्यानंतरची स्पर्धा यंत्राची. १७३३ साली इंग्लंडात जॉन के याने दोरी ओढून धोटा फेकण्याची युक्ती काढली. ती हातमागाच्याच हिताची ठरली. यंत्रमागाने मात्र विणकराचा हातच काढून घेतला. महाराष्ट्रात इचलकरंजीस विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला. पुढे त्या गावाचे रूपच पालटले. बंगळूरच्या कब्बनपेठेसारख्या जुन्या वस्त्यांतही विणकरांच्याच घरांत, खड्ड्याचा माग होता त्या जागी, यंत्रमाग खडखडू लागले. पुढे ते यलहंका, दोड्डबळ्ळापूर अशा भागांतही पसरले. येथे विणकराला दोष देणे अन्यायाचे होईल. साधा यंत्रमाग मिनिटाला शंभराहून अधिक खेपा टाकतो. त्याच्यापुढे केवळ श्रमाच्या बळावर कोणाचाही हात टिकणार नाही. हातमागासाठी काही वस्त्रप्रकार राखून ठेवणारा कायदा १९८५ साली झाला, परंतु त्या यादीतील प्रकार पुढे घटत घटत अकरावर आले. २००९-१० च्या गणनेत देशभर हातमागावर विणणारे व त्यास पूरक काम करणारे मिळून सुमारे ४३ लाख लोक होते. २०१९-२० च्या गणनेत ती संख्या ३५ लाखांच्या आसपास आली. त्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया होत्या.

छंद म्हणून विणकाम

धंदा घटत असता छंद वाढावा, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु त्यास कारण आहे. यंत्रमागावर सर्व निर्णय माग सुरू होण्यापूर्वी झालेले असतात. रंग, घनता, नक्षी यांत मग बदल करता येत नाही. हातमागावर प्रत्येक दोन खेपांच्या मधे विणणारा क्षणभर थांबू शकतो. पुढचा बाणा जाड की बारीक, निळा की करडा, घट्ट ठोकावा की सैल सोडावा, हे त्या क्षणी ठरविता येते. सुमारे हजार खेपांच्या वस्तूत असे हजार क्षण मिळतात. हातविणीचे सर्जन म्हणतात ते याच क्षणांत असते. हातमाग हे यंत्रच आहे; मात्र त्याचा निर्णय घेणारा भाग अजून माणूसच आहे.

ही जाणीव युरोपात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्पष्टपणे पुढे आली. १९१९ साली जर्मनीत वायमार येथे निघालेल्या 'बाउहाउस' या कलाशाळेत विणकामाची स्वतंत्र कार्यशाळा होती. तेथे शिकलेल्या ॲनी आल्बर्स यांनी धाग्याची रचना हाच विणकराचा खरा विषय मानला. १९४९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या विणकामाचे प्रदर्शन झाले. भारतात स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने विणकर सेवा केंद्रे उघडली व तेथे चित्रकारांना विणकरांसोबत बसविले. मराठी चित्रकार प्रभाकर बरवे यांनी वाराणसी व मुंबई येथील केंद्रांत काम केले. मुंबईच्या मोनिका कोरिया यांचे उदाहरण तर विज्ञानाच्या विद्यार्थ्याला विशेष बोधक वाटावे. मूळ शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचे. १९६२ साली अमेरिकेत मारियान स्ट्रेंगेल यांच्याकडे मागाची ओळख झाली. पुढे मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात अभ्यास. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: ताण्याचे धागे समान अंतरावर ठेवणारी फणी मधेच काढून टाकली तर काय होईल? धागे आपल्या चाकोरीतून सुटतात, जवळ येतात, दूर जातात, आणि वस्त्रात वाहत्या पाण्यासारखी रेषा उमटते. फणीचे काम काय, हे ज्याने नीट ओळखले आहे, त्यालाच ती केव्हा काढावी हे कळते.

बंगळूरमध्येही विणकर सेवा केंद्र आहे. १९७४ साली चिमी नंजप्पा व त्यांच्या कन्या पवित्रा मुद्दय्या यांनी तेथे 'विमोर' ही संस्था सुरू केली. जुन्या साड्यांवरील नमुने अभ्यासून ते विणकरांकडून पुन्हा विणून घेणे, हे तिचे मुख्य कार्य. आज शहरात लहान चौकटीवर वा टेबलावरील मागावर दोन-चार दिवसांत विणकामाची तोंडओळख करून देणाऱ्या कार्यशाळाही चालतात. आता अशा चौकटीवर नवशिक्याने एक लहान बैठकीची सतरंजी विणावयाची ठरविली, तर त्याला काय करावे लागेल ते पाहू.

एका सतरंजीचा हिशेब

सतरंजी ६० सेंटिमीटर रुंद व ९० सेंटिमीटर लांब हवी आहे असे समजू. ताण्यासाठी पीळदार सुती दोरा घ्यावा. सुताचा एक गुण असा की ते ओले झाले असता अधिक बळकट होते, तर लोकर ओली झाली की दुबळी होते; म्हणून धुवावयाच्या बिछायतीचा ताणा सुताचा बरा. बाणा लोकरीचा चालेल. लोकरीच्या तंतूला नैसर्गिक कुरळेपणा असतो, तिच्या अंगावर सूक्ष्म खवले असतात, आणि त्यामुळे ठोकलेला बाणा शेजाऱ्याला बिलगून बसतो.

दर सेंटिमीटरला ३ उभे धागे घेतले, तर ६० सेंटिमीटरला १८० धागे लागतील. कडा मजबूत करण्यासाठी आणखी ४ मिळविले की १८४ झाले. प्रत्येक धाग्याची लांबी ९० सेंटिमीटर धरून भागत नाही. वाकण्यात व आटण्यात सुमारे १० सेंटिमीटर जातील, दोन्ही टोकांच्या दशांना २० लागतील, आणि चौकटीला बांधण्यात ४० वाया जातील. म्हणजे धागा १६० सेंटिमीटरचा घ्यावा. एकूण ताणा सुमारे २९४ मीटर होईल. बाण्याच्या दर सेंटिमीटरला ८ खेपा पडल्या, तर ९० सेंटिमीटरला ७२० खेपा होतील.

येथे बहुतेक नवशिके फसतात. रुंदी ६० सेंटिमीटर आहे, म्हणून खेपेला ६० सेंटिमीटर बाणा पुरेल असे ते धरतात व धागा ताणून सरळ घालतात. पण बाण्याला १८४ धाग्यांच्या खाली-वर वळसे घालीत जावयाचे असते. वळणाचा मार्ग सरळ मार्गापेक्षा लांबच असणार. हा वाढावा त्याला दिला नाही, तर तो कडांना आत ओढतो, आणि सतरंजी वर जाता जाता डमरूसारखी मधे आवळते. म्हणून अनुभवी विणकर बाणा फटीत कमानीसारखा सैल टाकतो आणि मग ठोकतो. खेपेला ६८ सेंटिमीटर धरले, तर बाणा सुमारे ४९० मीटर लागेल. किती कमान पुरे, हे आकड्यांत सांगता येत असले तरी हाताला ते दहा-वीस खेपा उसवल्यावाचून कळत नाही.

ताणा झिजून तुटू नये म्हणून त्याला खळ देतात. पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील घोंगड्या विणणारे लोकरीच्या ताण्याला चिंचोक्यांची खळ लावतात. चिंचोक्यातील पिष्टासारखा पदार्थ तंतूंचे सुटे केस दाबून धाग्यावर गुळगुळीत थर चढवितो. जमिनीत खड्डा खणून त्यात पाय सोडून विणण्याच्या पद्धतीमागेही असाच विचार आहे: जमिनीलगतची हवा किंचित दमट राहते व सुती ताणा कोरडा पडून तुटत नाही. रसायनशास्त्राचे नावही न ऐकलेल्या माणसांनी हे उपाय शोधून काढले आणि ते आजही लागू पडतात.

आता वेळेचा हिशेब. नवशिक्याला एका खेपेस एक मिनिट लागले, तर ७२० खेपांना १२ तास होतात. ताणा चढविण्याचे तीन-चार तास वेगळे. हीच बैठक गाठींच्या गालिच्याची केली, आणि चौरस सेंटिमीटरला अवघ्या ९ गाठी धरल्या, तरी ४८,६०० गाठी येतात. गाठीला १० सेकंद, म्हणजे १३५ तास. मुरलेला कारागीर याहून पुष्कळ वेगाने काम करील. पण दुकानात एखाद्या गालिच्याची किंमत पाहून ज्याने असा भागाकार एकदा केला, त्याला बर्डवुड यांचा प्रश्न नव्याने ऐकू येतो. किंमत फार कमी असेल, तर कोणाचे तरी तास फुकट गेले आहेत, किंवा माल हाताचा नाही. २००६ पासून हातमागाच्या मालावर सरकारी 'हँडलूम मार्क' लावण्याची सोय आहे. परंतु कापडाची वीण वाचता येणारे गिऱ्हाईक त्या चिठ्ठीहून अधिक भरवशाचे.

छंदाकडून याहून मोठी अपेक्षा बाळगणे बरोबर नाही. रविवारी विणणाऱ्याची सतरंजी विणकराच्या कुटुंबाची जागा घेणार नाही, आणि ती बाजारात त्याच्या मालाशेजारी कमी भावाने ठेवणे तर शोभणारेही नाही. कित्येकदा शिकणाऱ्यापुढे येणारा माग अगोदरच ताणा भरून, खळ देऊन, धागे ओवून तयार असतो. ते सर्वांत किचकट काम एखाद्या मुरलेल्या विणकराने आदल्या दिवशी केलेले असते आणि त्याचे नाव कोठे येत नाही. जेथे तो विणकर स्वतः शिकवावयास बसतो व शिक्षकाचे मानधन घेतो, तेथे छंद व धंदा यांचे नाते निरोगी राहते. बंगळूरसारख्या शहरात असे जाणते हात अद्याप आहेत. पण त्यांतील पुष्कळांची मुले मागावर बसत नाहीत, हे ध्यानात घेतले म्हणजे शिकण्याची ही संधी फार काळ राहील असे धरून चालता येत नाही.

शेवटची खेप पडल्यावर सतरंजी लगेच कापून घेऊ नये. प्रथम टोकाला दोन-तीन खेपा घट्ट दोऱ्याच्या घालाव्यात, नाहीतर बाणा सुटू लागतो. मग ताण्याचे धागे मधोमध न कापता, एका कडेकडून चार-चारच्या जुडीने कापीत व प्रत्येक जुडीला गाठ मारीत जावे. ताण सुटताच सतरंजी आखडते. चौकटीवर ९० सेंटिमीटर भरलेली वस्तू जमिनीवर दोन-चार सेंटिमीटरने आखूड भरते. हे धागे कित्येक दिवस ताणलेले होते. त्यांना मूळ स्थितीत येण्यास थोडा अवधी द्यावा लागतो. म्हणून सतरंजी कोमट पाण्यात न चोळता बुडवून, सपाट पसरून सावलीत वाळवावी, आणि तिची लांबी-रुंदी दुसऱ्या दिवशी मोजावी.